अभिनय शिकणाऱ्यांच्या हाती मतपत्रिका

ऑस्करमध्ये सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिल्या पाच वर्षांत तो तीनदा एकाच माणसाने नेला. त्याचं नाव वॉल्टर ब्रेनन. नट चांगलाच होता, त्यात वाद नाही. पण त्या काळी गर्दीत उभे राहणारे एक्स्ट्रा कलाकारही मत देत असत, त्यांची संख्या मोठी होती आणि ब्रेनन स्वतः एकेकाळी एक्स्ट्राच होता. आपल्यातला माणूस म्हणून त्यांची मतं त्याच्या पारड्यात पडली, असं चित्रपटांच्या इतिहासात वारंवार सांगितलं जातं. पुढे एक्स्ट्रांचा मताधिकार काढून घेतला गेला.

एखाद्या नटाला ‘सर्वोत्कृष्ट’ ठरवलं की आपण त्या नटाबद्दल बोलत बसतो. मत कोणी दिलं, काय बघून दिलं, कसं मोजलं, हे प्रश्न मागे पडतात. पण निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. १९२९ च्या पहिल्या ऑस्कर सोहळ्यातले विजेते पाच परीक्षकांच्या मंडळाने ठरवले होते. आज तिथे अभिनयाची नामांकनं फक्त अभिनेते सभासद ठरवतात आणि शेवटचं मत मात्र सगळेच देतात, म्हणजे छायालेखक, वेशभूषाकार, ध्वनिमुद्रकसुद्धा. स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने (आता ती सॅग-आफ्ट्रा आहे) १९९५ पासून पुरस्कार द्यायला सुरुवात केली. तिथे पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत मत संघटनेच्या सभासदांचंच. कान किंवा बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मूठभर परीक्षक बंद दाराआड बसून ठरवतात. समीक्षकांचे पुरस्कार वेगळे, प्रेक्षकांचे आणखी वेगळे.

या रांगेत अजून एक मतदार बसवता येतो, तो म्हणजे अभिनय शिकणारा विद्यार्थी. वर्षभरातल्या निवडक भूमिका अभिनयाच्या वर्गांनी बघायच्या, त्यांच्यावर मत द्यायचं आणि त्या मतांवरून पुरस्कार ठरवायचा. कल्पना एका वाक्यात सांगून होते. ती चालवायला गेलं की गाठी सापडायला लागतात.

विद्यार्थ्यांनी पुरस्कार द्यायचा, हे तसं नवीन नाही. फ्रान्समध्ये गोंकूर या मानाच्या साहित्य पुरस्काराची शाळकरी आवृत्ती १९८८ पासून आहे. मुलं कादंबऱ्या वाचतात आणि मत देतात. तिथल्याच सेझार चित्रपट पुरस्कारांना २०१९ पासून विद्यार्थ्यांच्या मतांवरचा एक पुरस्कार जोडला गेला. २०१६ मध्ये हॅम्बुर्गचा चित्रपट महोत्सव आणि युरोपियन फिल्म अकादमी यांनी मिळून विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा पुरस्कार सुरू केला. त्याची पद्धत मला विशेष आवडते. प्रत्येक विद्यापीठातला वर्ग चित्रपट बघून, चर्चा करून आपली पसंती ठरवतो. मग प्रत्येक ठिकाणचा एकेक प्रतिनिधी एकत्र बसून वाद घालतो आणि विजेता ठरवतो. पण हे सगळे पुरस्कार अख्ख्या पुस्तकाला किंवा अख्ख्या चित्रपटाला आहेत. चित्रपटातून अभिनय तेवढा वेगळा काढून तोलायचा, हे काम निराळं आणि बरंच अवघड आहे.

पडद्यावर दिसतं त्यातलं नटाचं किती?

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार शॉट घेतला. तो एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीच्या शॉटशेजारी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. आणि वर नटाच्या कामाची तारीफही झाली. ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. कुलेशोव्हचा सहकारी पुदोव्हकिन आणि इतरांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांवरून आपल्याला हे माहीत आहे; ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत, आणि सांगताना थोडं तिखटमीठ लागलं असेल हेही शक्य आहे. पण मुद्दा खोटा नाही. नटाच्या चेहऱ्यावर आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं संकलकाने लिहिलेलं असतं.

रंगभूमीवर नट दोन तास सलग काम करतो आणि त्याचं बरंवाईट त्याच्याच हातात असतं. चित्रपटात काम तुकड्यातुकड्यांनी होतं, तेही उलटसुलट. शेवटचा निरोप पहिल्या दिवशी चित्रित होतो आणि पहिली भेट महिन्याभराने. दहा टेकपैकी कोणता ठेवायचा हे नट ठरवत नाही. पार्श्वसंगीत नंतर येतं. कधी कधी आवाजही दुसऱ्याचा असतो. मग अभिनयाला मत देताना आपण नेमकं कशाला मत देतो?

इथे शिकणाऱ्याची नजर कामाला येते. एक प्रसंग कल्पनेने उभा करू. बहीण पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आहे. भाऊ येतो आणि सांगतो की आईवडिलांचं घर त्याने विकलं. तो बोलतो, अडखळतो, शेवटी रडतो. तिला संवाद दोनच, तेही एकेका शब्दाचे. साध्या प्रेक्षकाला विचारलं तर तो म्हणेल, भावाने काय काम केलंय! प्रसंग त्याचाच आहे, बोलतो तो, रडतो तो. भाव खाऊन जाणारच.

अभिनयाच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी हाच प्रसंग बघताना बहिणीचे हात बघत असते. ते हात ‘विकलं’ या शब्दावर थांबत नाहीत, त्याच्या अर्धं वाक्य आधी थांबतात. म्हणजे भावाच्या अडखळण्यावरूनच तिला कळलेलं आहे. शब्द कानावर पडतो तोवर ती पुन्हा घड्या घालायला लागलेली असते, फक्त आता ती घडी घातलेलाच सदरा उलगडून परत त्याचीच घडी घालते आहे. हे पटकथेत लिहिलेलं असेल किंवा दिग्दर्शकाने सुचवलं असेल. पण ते ठरवून केल्यासारखं न दिसता करणं, हे सर्वस्वी त्या अभिनेत्रीचं. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे हा प्रसंग किमान तीन अंगांनी चित्रित झालेला असणार: दोघं एकत्र, मग एकट्याचा तो, मग एकटीची ती. प्रत्येक वेळी तोच सदरा, तीच घडी, त्याच शब्दाआधीचं थांबणं. नाहीतर शॉट एकमेकांना जुळत नाहीत, आणि जुळले नाहीत तर संकलक तो तुकडा सरळ काढून टाकतो. तिच्या क्लोजअपच्या वेळी भावाचं काम करणारा नट कदाचित घरी गेलेला होता आणि त्याचे संवाद कोणी सहायक कोरड्या आवाजात वाचत होता. त्या आवाजाकडे बघून ती हे सगळं करत होती.

ऐकणं हा अभिनयातला सगळ्यात कठीण भाग आहे, असं अभिनयाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात कानीकपाळी ओरडून सांगितलं जातं. सॅनफर्ड माइझनर या अमेरिकन शिक्षकाने तर सगळी शिकवण त्यावरच उभी केली. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात आणि एकच वाक्य आळीपाळीने पुन्हा पुन्हा म्हणतात, जोवर ते खरोखर समोरच्याकडे बघून बदलत नाही तोवर. तासन्‌तास हे केलेल्या विद्यार्थ्याला पडद्यावरचा कोणता नट ऐकतोय आणि कोणता आपली पाळी येण्याची वाट बघतोय, हे पटकन कळतं. ब्रिटिश नट मायकेल केन यांनी १९८७ साली बीबीसीवर चित्रपट-अभिनयाचा एक वर्ग घेतला होता. त्यात क्लोजअपमध्ये पापणी न मिटण्याने काय फरक पडतो हे त्यांनी करून दाखवलं. असल्या बारीक गोष्टी एकदा कळल्या की न दिसणं अशक्य होतं. विद्यार्थी मतदाराची खरी किंमत ही आहे. तो प्रसिद्धीच्या बाहेर आहे, त्याची या धंद्यात अजून कोणाशी देणीघेणी नाहीत, आणि हातांकडे बघायची सवय त्याला नुकतीच लागलेली आहे.

आणि त्याच नजरेला न दिसणाऱ्या गोष्टी

आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही. शिकणाऱ्या माणसाला कष्ट फार लवकर दिसतात. स्वतःला जे अजून जमत नाही ते दुसऱ्याने केलं की तो दिपून जातो. वीस किलो वजन उतरवलं, परकी बोली उचलली, चेहरा ओळखू येणार नाही इतका बदलला, एका टेकमध्ये पाच मिनिटं रडला. हे सगळं कठीण आहेच. पण कठीण म्हणजे चांगलं, असं नाही. ज्या भूमिकेत काहीच केल्यासारखं वाटत नाही, तिथे काय केलंय हे ओळखायला कधी कधी दहा वर्षं काम केलेलं असावं लागतं. अनुभवी मतदारही या सापळ्यात अडकतात. मात्र विद्यार्थी अडकण्याची शक्यता मला जास्त वाटते.

दुसरा दोष शाळेचा. रशियन नाट्यशिक्षक स्तानिस्लाव्हस्कीच्या वाटेने शिकलेला वर्ग पात्राचा हेतू शोधतो, दिलेल्या परिस्थितीत नट किती खरा राहिला ते बघतो. जिथे शरीर आणि हालचाल यांवर भर असतो, तिथल्या मुलांना हेच काम ‘नुसतं चेहऱ्याने केलेलं’ वाटू शकतं. आपल्याला मागच्या सत्रात जे शिकवलं तेच या वर्षीच्या सगळ्या चित्रपटांत शोधत बसायचं, ही विद्यार्थ्यांची जुनी खोड आहे. आणि सरांना कोण आवडलं हे वर्गाला कळलं की संपलंच.

याची गंभीर बाजू एका फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच मांडून ठेवली आहे. कोंदोर्से त्याचं नाव. त्याचा मुद्दा असा: एखाद्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देण्याची प्रत्येक मतदाराची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असेल आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे मत दिलं, तर मतदार वाढतील तसं बहुमत बरोबर येण्याची शक्यताही वाढत जाते. प्रत्येकाची शक्यता ६० टक्के धरली, तर तीन जणांचं बहुमत सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर येईल आणि २५ जणांचं सुमारे ८५ टक्के वेळा. अभिनयाच्या प्रश्नाला असं एकच बरोबर उत्तर नसतं, हे मान्य. पण त्यातली ‘स्वतंत्रपणे’ ही अट इथेही तितकीच लागू पडते. २५ विद्यार्थी एकाच शिक्षकाच्या मताने चालले, तर ती २५ मतं नव्हेत. ते एकच मत २५ वेळा मोजलेलं असतं. म्हणून असा पुरस्कार एकाच संस्थेच्या भिंतीत ठेवण्यात फारसा अर्थ नाही. वेगवेगळ्या पद्धतींच्या, वेगवेगळ्या भाषांच्या शाळा हव्यात, आणि एका शाळेची मुलं कितीही असली तरी तिचं वजन ठरावीकच ठेवावं. नाहीतर सर्वांत मोठी संस्था दरवर्षी पुरस्कार वाटत बसेल, आणि ब्रेननची गोष्ट नव्याने सुरू होईल.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. अभिनयाच्या शाळेत फी भरून, घाम गाळून शिकणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे की चांगला अभिनय शिकूनच येतो. इतिहास मात्र वेगळं सांगतो. हॅरल्ड रसेल हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात असताना स्फोटात दोन्ही हात गमावलेला माणूस. तो नट नव्हता. १९४६ च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये परतलेल्या नौसैनिकाचं काम केलं आणि सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं. शिवाय त्याच कामासाठी एक मानद ऑस्करही. कंबोडियातल्या छळछावण्यांतून वाचलेले डॉक्टर हाइंग न्गोर यांनी ‘द किलिंग फील्ड्स’ या पहिल्याच चित्रपटासाठी हाच पुरस्कार मिळवला. अशा कामाला विद्यार्थी कसं तोलतील? ‘तो तर स्वतःचंच आयुष्य जगत होता’ असं म्हणून बाजूला सारतील, की कॅमेऱ्यासमोर स्वतःचं आयुष्य पुन्हा उभं करणं काय असतं हे ओळखतील? मला वाटतं, वर्गात सगळ्यात जास्त भांडण या प्रश्नावर व्हावं.

मोजायचं कसं

मतदार ठरले, आता मतपत्रिका. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वांधे बहुतेक वेळा इथेच होतात.

१९३५ च्या चित्रपटांसाठी ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकन यादीत चार नावं होती. त्यांतली तीन एकाच चित्रपटातली, ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’मधली: क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन, फ्रँचॉट टोन. जिंकला चौथा, व्हिक्टर मॅकलॅग्लन. तिघांनी एकमेकांची मतं खाल्ली, अशी चर्चा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. पुढच्याच वर्षी सहाय्यक भूमिकांचे पुरस्कार सुरू झाले.

मतं खाणं म्हणजे काय ते आकड्यांत बघू. समजा ३६ विद्यार्थी आहेत आणि तीन नटांमध्ये निवड करायची आहे. ‘अ’ आणि ‘ब’ एकाच चित्रपटातले, सारख्याच शैलीचे. ‘क’ दुसऱ्या चित्रपटातला. प्रत्येकाने एकच नाव लिहिलं, तर ‘अ’ला १२ मतं, ‘ब’ला १० आणि ‘क’ला १४. ‘क’ जिंकला. पण २२ जणांना ‘अ’ आणि ‘ब’च्या चित्रपटातलं काम अधिक आवडलं होतं.

आता प्रत्येकाला एकाच नावाऐवजी पसंतीक्रम लिहायला सांगू: पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्या पसंतीच्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान १९ मतं नाहीत. मग सगळ्यात कमी मतं असलेल्या ‘ब’ला बाद करायचं आणि त्याच्या १० मतपत्रिकांवर दुसरं नाव कोणाचं आहे ते बघायचं. समजा ८ जणांनी ‘अ’ लिहिलं आणि दोघांनी ‘क’. आता ‘अ’कडे २०, ‘क’कडे १६. ‘अ’ जिंकला. मतदार तेच, आवडीही त्याच, विजेता बदलला. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ च्या चित्रपटांपासून अशीच मोजणी होते. अभिनयाच्या अंतिम फेरीत मात्र अजून ज्याला सर्वाधिक मतं तो विजेता, इतका साधा हिशोब आहे.

विद्यार्थ्यांच्या पुरस्कारासाठी मी पसंतीक्रमच धरेन. मतदार कमी असले की पाचसहा मतं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो, आणि एकाच चित्रपटातले दोन नट समोर येणं तर नेहमीचंच. या पद्धतीतही त्रुटी आहेत. सगळ्यांचा दुसऱ्या क्रमांकाचा आवडता नट पहिल्याच फेरीत बाद होऊ शकतो. पण एकच नाव लिहिण्यापेक्षा ती बरी.

प्रमुख कोण आणि सहाय्यक कोण, हा घोळ वेगळाच. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’मधल्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झगेराल्ड यांना दोन्ही विभागांत नामांकन मिळालं. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर त्यांनी घेतलं, आणि प्रमुख अभिनेत्याचं त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉसबींनी. मग नियम बदलला. आजही निर्माते आपल्या नटाला जिथे जिंकणं सोपं तिथे ढकलतात, आणि अर्धा चित्रपट व्यापणारी भूमिका ‘सहाय्यक’ होऊन बसते. दुसऱ्या टोकाला बिअट्रिस स्ट्रेट आहेत. १९७६ च्या ‘नेटवर्क’मध्ये त्या जेमतेम पाच मिनिटं पडद्यावर आहेत आणि तेवढ्यावर त्यांना ऑस्कर मिळालं. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांच्या पुरस्कारात ही विभागणी नकोच. भूमिकेची लांबी हा निर्मात्याचा आणि जाहिरातीचा प्रश्न आहे, शिकणाऱ्याचा नाही.

स्त्री-पुरुष विभागणीचंही तसंच. बर्लिन महोत्सवाने २०२१ पासून अभिनेता-अभिनेत्री असे वेगळे पुरस्कार बंद केले. याविरुद्ध एक रास्त शंका घेतली जाते की मोठ्या, लिहून-सवरून केलेल्या भूमिका पुरुषांना जास्त मिळतात, मग विभागणी काढली की पुरस्कारही त्यांच्याकडेच जातील. ही शंका मला पटते. निदान अंतिम यादीत दोन्हींची संख्या सारखी असावी. बाकी सीमेवरची प्रकरणं कितीतरी आहेत. २००६ मध्ये कानच्या परीक्षकांनी ‘व्होल्व्हेर’मधल्या सहा अभिनेत्रींना मिळून एक पुरस्कार दिला आणि ‘अँदिजेन’मधल्या पाच अभिनेत्यांना मिळून दुसरा. २०१३ मध्ये रोमच्या महोत्सवात स्कार्लेट जोहॅन्सनला ‘हर’मधल्या फक्त आवाजासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं, पडद्यावर ती एकदाही दिसत नाही. संगणकाने घडवलेल्या पात्रामागचं अँडी सर्किस यांचं काम मोजायचं की नाही, हा वाद ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पासून मिटलेला नाही. विद्यार्थ्यांनी अशा कामांना दार उघडं ठेवावं. आवाज, शरीर, चेहरा हे सगळं त्यांच्याच अभ्यासक्रमात असतं.

आधी बघा

२०२५ मध्ये ऑस्करच्या अकादमीने एक नियम केला. अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट सभासदाने बघितलेले असलेच पाहिजेत. हे वाचून बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. नव्वदहून अधिक वर्षं अभिनयाला मत देताना अशी सक्तीच नव्हती! विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हे सोपं आहे. वर्ग एकत्र बसतो, चित्रपट लागतो, हजेरी घेतली जाते.

पण कोणता चित्रपट आधी आणि कोणता नंतर? ब्रुसेल्समध्ये क्वीन एलिझाबेथ नावाची नामांकित संगीत स्पर्धा होते. तिथे कोण कधी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. अर्थशास्त्रज्ञांनी तिच्या निकालांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की नंतर वाजवणाऱ्यांना सरासरीने वरचा क्रमांक मिळतो. चिठ्ठीचा आणि कौशल्याचा काही संबंध नाही, तरीही. अभिनयाच्या बाबतीतही शेवटी बघितलेलं ताजं राहणारच. यावर उपाय एकच: वेगवेगळ्या शाळांत चित्रपट वेगवेगळ्या क्रमाने दाखवायचे, म्हणजे कोणा एकाचाच फायदा होणार नाही.

नावाचं वजन कसं उतरवायचं, हे जास्त कठीण. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिलं की सैन्यातले अधिकारी एखाद्या सैनिकाला एका गुणात चांगलं म्हणाले की बाकीच्या गुणांतही चांगलंच म्हणतात, मग ते गुण एकमेकांशी संबंधित असोत वा नसोत. देखणा, प्रसिद्ध, आवडता नट समोर असला की आपलंही तेच होतं. नटाचा चेहरा झाकता येत नाही. मग निदान एक करता येतं. निवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून बघायचा आणि एकदा चित्र बंद करून नुसता ऐकायचा. पार्श्वसंगीत गेलं की किती अश्रू कोरडे पडतात, हे कळतं. आणि चित्र गेलं की कोणता नट संवाद नुसता म्हणत होता, तेही.

चर्चा मतदानाआधी की नंतर? आधी चर्चा केली तर वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा निकाल ठरवतो. चर्चा केलीच नाही तर शिकणं काय झालं? माझ्या मते दोन मतं घ्यावीत. चित्रपट संपल्या संपल्या गुप्त मत, मग भरपूर वाद, मग दुसरं मत. मोजायचं दुसरं, पण पहिलंही जपून ठेवायचं. दोन्हींतला फरक बघून शिक्षकाला वर्गाबद्दल जे कळेल ते परीक्षेतून कळत नाही. शिक्षकाने मात्र दुसरं मत पडेपर्यंत तोंड उघडू नये.

शेवटी एक अट, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक मतासोबत दोन ओळी लिहायच्या: कोणता प्रसंग, आणि त्यात नटाने नेमकं काय केलं. ‘अप्रतिम’, ‘जिवंत’, ‘काळजाला भिडणारं’ असले शब्द चालणार नाहीत. क्रियापद हवं. ‘बातमी कळूनही घडी घातलेलाच सदरा परत उलगडते’, असं. ज्याला असा प्रसंग सांगता येत नाही, त्याचं मत बाद. थोडं जाचक वाटेल, पण दिपून दिलेलं मत या चाळणीतून पडतं. वजन उतरवल्याबद्दल मत देणाऱ्यालाही सांगावं लागतं की उतरलेल्या शरीराने नटाने केलं काय.

निकालासोबत ही कारणंही छापावीत. एखाद्या नटाला अशा पुरस्कारातून पैसे मिळणार नाहीत, चित्रपटाचा धंदा वाढणार नाही. पण आपण काय केलं हे कोणीतरी शब्दाशब्दाने टिपलेलं, असं त्याला एरवी फार क्वचित वाचायला मिळतं. समीक्षणात अभिनयाला बहुधा एखादी ओळ मिळते, तीही शेवटच्या परिच्छेदात.

राहता राहिला बरोबरीचा प्रश्न. १९३२ मध्ये ऑस्करचा नियम असा होता की तीन मतांच्या आतलं अंतर म्हणजे बरोबरीच. फ्रेडरिक मार्चला एक मत जास्त होतं, तरी पुरस्कार त्याला आणि वॉलेस बिअरीला दोघांनाही दिला. नंतर नियम कडक झाला आणि अगदी समसमान मतं पडली तरच बरोबरी धरायचं ठरलं. १९६९ च्या सोहळ्यात कॅथरिन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांची मतं तशी खरोखरच समसमान आली. विद्यार्थ्यांच्या पुरस्कारात मी १९३२ चा जुना नियम परत आणेन. दोनशे-तीनशे मतदारांत एका मताचा फरक म्हणजे त्या दिवशी एकजण तापाने घरी राहिला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पुरस्कार दोघांना द्या, आणि दोघांसाठी लिहिलेल्या ओळी शेजारीशेजारी छापा.